भारासह घेतलेली परीक्षा
दूरच्या प्रवासासाठी बांधलेल्या सायकलीची परीक्षा ती रिकामी असताना करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण नुकत्याच जुळवून घेतलेल्या माझ्या पोलादी सायकलीवरून हडपसरच्या सपाट रस्त्याने निघालो तेव्हा जी काहीशी जड व मंदगती वाटली होती, तीच पुढे कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना सामानाच्या पिशव्या अडकवून दिवेघाट चढू लागताच विलक्षण स्थिर व आज्ञाधारक भासली. पुढचे लहान चेनव्हील 24 दात्यांचे आणि मागचे सर्वांत मोठे चक्र 34 दात्यांचे असल्याने पायडलच्या एका फेऱ्यात चाक पुरता एक वेढाही घेत नाही. वेग अर्थातच उतरतो, परंतु गुडघ्यांवरचा ताण निवळतो. मागचे चाक किंचित दूर बसविलेले असल्यामुळे टाचा पिशव्यांना लागत नाहीत. उतारावर हँडल थरथरले नाही, याचे श्रेय निःसंशय फ्रेमच्या बांधणीला. घाटरस्त्यांचे आराखडे मंजूर करताना मात्र डांबराच्या कडेला दोन हात रुंदीची, खडी व वाळू नसलेली पट्टी सायकलस्वारांसाठी मुक्रर करण्याची तजवीज झालीच पाहिजे. कारण चढावर ताशी सहासात किलोमीटरने जाणाऱ्या माणसाला मागून येणाऱ्या मालमोटारीपासून दुसरा आश्रय नाही.