दोन आया, एक फाईल

परवा माझी आई हरवली. म्हणजे तिचा फोटो. ती जाऊन ४० वर्षं झाली, तेव्हा आता फोटो हीच काय ती आई.

झालं असं. मुलीच्या लिनक्सच्या संगणकावर घरचे सगळे फोटो होते. माझ्या आईच्या फोटोला मी रोमन लिपीत 'आई' नाव दिलेलं, पहिलं अक्षर कॅपिटल. मुलीनेही तिच्या आईच्या, म्हणजे आमच्या सौ.च्या फोटोला तेच नाव दिलं, सगळी अक्षरं स्मॉल. लिनक्सच्या लेखी ही दोन वेगळी नावं. नातीने हौसेने पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहून सगळे फोटो माझ्या विंडोजवर आणले. विंडोज कॅपिटल-स्मॉल जपून ठेवतं, पण नाव ओळखताना सहसा तो फरक मानत नाही. दुसरा फोटो पहिल्यावर बसला. फाईलचं नाव माझ्या आईचं, आत सासूच्या जागी सून! जुना संगणक मुलीने तोवर पुसून देऊनही टाकला होता.

आपल्या देवनागरीत ही भानगडच नाही. इंग्रजीच्या तासाला मुलांनी नावाचं पहिलं अक्षर स्मॉल लिहिलं की मी अर्धा गुण कापत असे. विंडोजचाही कापला असता. लिहितं नीट, वाचत नाही.

नात म्हणते, "आजोबा, नाव आधी येऊन गेलंय का ते मी तपासलं होतं." खरं आहे. पण पायथॉनने तुलना केली ती अक्षरांची. नॉर्मकेस नावाची एक सोय आहे. ती विंडोजवर सगळं स्मॉल करून देते, लिनक्सवर नाव आहे तसं परत करते. मॅकवरही तसंच परत करते, आणि मॅकची डिस्क तर एरवी विंडोजसारखीच वागते! म्हणून माझं मत असं की नावं आपण ताडत बसू नये, "या नावाची फाईल आहे का?" हे डिस्कलाच विचारावं.

माझा खरा राग आहे तो पायथॉनच्या कॉपी करण्यावर. जुनी फाईल ते न विचारता पुसतं. स्वतःचं घर मात्र सांभाळलंय. २००१ च्या २.१ आवृत्तीपासून इम्पोर्ट करताना विंडोजवरसुद्धा कॅपिटल-स्मॉल जुळतंय का ते पायथॉन बघतं. मग आमच्या फोटोंनी काय घोडं मारलं?

आई तुळशीपाशी उभी आहे, डोक्यावर पदर, तो फोटो. काकांच्या अल्बममध्ये त्याची एक प्रत होती. अल्बम सध्या ज्या कोणाकडे असेल त्याने स्कॅन करून पाठवावा. फाईलला नाव काहीही द्या, फक्त 'आई' नको.