कँडी कॉर्नला नावं ठेवणाऱ्यांनो...

आपल्याकडे दसरा-दिवाळीची धामधूम असते, त्या सुमारास अमेरिकेत दरवर्षी एक निराळाच शिमगा सुरू होतो. ऑक्टोबर लागला की तिथली वर्तमानपत्रं, टीव्हीवाले आणि इंटरनेटवरचे हौशे-नवशे-गवशे 'हॅलोविनच्या सर्वात वाईट गोळ्या' अशा याद्या काढतात. नावं ठरलेली! तिरंगी कँडी कॉर्न, केशरी स्पंजासारखे सर्कस पीनट्स, खडूच्या चकत्यांसारखे नेको वेफर्स, ज्येष्ठमधाच्या गुड अँड प्लेंटी आणि काळ्या-केशरी मेणकागदात गुंडाळलेल्या शेंगदाण्याच्या चिकट टॉफ्या. लुईस ब्लॅक नावाच्या विनोदवीराचा तर गाजलेला विनोद आहे, की जगातला सगळा कँडी कॉर्न १९११ साली एकदाच बनवला, आणि तोच दरवर्षी गोळा करून पुन्हा विकतात.

विनोद म्हणून ठीक आहे, मीही हसले. पण आता या विनोदाची रीत झाली आहे आणि ती आपल्या मराठी घरांतही शिरली आहे. ३१ ऑक्टोबरच्या रात्री मुलं सोंगं घेऊन दारोदार फिरतात, पिशवीभर गोळ्या आणतात. मग आईबाप ती पिशवी जमिनीवर ओततात, चॉकलेटं एका बाजूला करतात आणि उरलेलं "ईऽऽ, हे कोण खातं!" म्हणत कचऱ्यात टाकतात. जावईबापू, तुम्ही हे वाचणार हे ठाऊक आहे, म्हणूनच मुद्दाम लिहिते आहे. रागावू नका, पण ऐका.

पहिली गोष्ट म्हणजे, ज्याला आपण हसतो ते काय आहे हे तरी माहीत असावं. कँडी कॉर्न १८८० च्या दशकातला. फिलाडेल्फियातल्या वुंडर्ले कंपनीतल्या जॉर्ज रेनिंगर याचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. पुढे गोएलिट्झ कंपनीने (आजची जेली बेली) तो घरोघरी पोहोचवला. त्या काळी त्याचं नाव होतं 'चिकन फीड', म्हणजे कोंबड्यांचं खाद्य! खोक्यावर कोंबड्याचं चित्र असे. मका हे कोंबड्यांना घालायचं धान्य, असंच बहुतेकांना वाटे. शेतकऱ्यांच्या देशात सुगीच्या दिवसांत पोरांना दिलेली ही दाण्याच्या आकाराची गंमत होती. स्टार्चच्या साच्यात पांढरा, केशरी, पिवळा असा एकेक थर ओतायचा, निवू द्यायचा. पूर्वी हे सगळं हाताने चाले. त्यावरची चकाकी कसली, ठाऊक आहे? लाखेची! आपल्याकडे झारखंडात झाडांवर किडे जी लाख तयार करतात, तीच.

नेको वेफर्स त्याहून जुने. १८४७ साली बोस्टनच्या ऑलिव्हर चेस याने वड्या कापायचं यंत्र काढलं, तिथून त्यांची सुरुवात. यादवी युद्धात उत्तरेच्या सैनिकांच्या खिशात या चकत्या असत. आणि त्यांच्या चवी बघा : जांभळी चकती लवंगेची, पांढरी दालचिनीची, काळी ज्येष्ठमधाची. अहो, ही तर आपल्या आजीच्या बटव्यातली औषधं! खोकला झाला की ज्येष्ठमधाची काडी चघळत मोठ्या झालेल्या माणसाने गुड अँड प्लेंटीला 'औषधासारखी लागते' म्हणून नाक मुरडावं, याचं मला नवल वाटतं. औषधासारखी लागते हे खरंच. पण त्यात वाईट काय?

यावर उत्तर ठरलेलं असतं : "आई, प्रत्येकाची आवड वेगळी. आवडत नाही तर का खायचं?" मुळीच खाऊ नका. कँडी कॉर्नमध्ये जिलेटिन असतं, शाकाहारी माणसाने तो नाकारला तर त्याला कारण आहे. दातांसाठी नको म्हटलं, तेही कारण आहे. फार गोड लागतो, हेसुद्धा मान्य. पण न खाणं वेगळं आणि हिणवणं वेगळं. एक निवड आहे, दुसरा उर्मटपणा आहे. वर्गात चाळीस मुलांचे डबे उघडले जात, तेव्हा हा फरक मी रोज शिकवत असे. शेजारच्याच्या डब्यातली शिळी भाकरी तू खाऊ नकोस बाबा, पण तिच्याकडे बघून तोंड वाकडं केलंस तर याद राख!

कारण गोळी आपोआप पिशवीत पडत नाही, कोणीतरी ती देत असतं. चॉकलेटांच्या गर्दीत या जुन्या गोळ्या कोण देतं? बहुतेक वेळा एखादी म्हातारी किंवा म्हातारा. त्यांच्या लहानपणी साखरेचं रेशनिंग होतं. ते १९४७ साली उठलं आणि त्यानंतरच दारोदार गोळ्या मागायची ही प्रथा अमेरिकेत खरी फोफावली. त्या पोरांच्या मुठीत जे पडलं, ते त्यांच्या लेखी सोनं होतं. आज तेच लोक दार उघडून तेच सोनं पुढे करतात. आणि सहा वर्षांचा स्पायडरमॅन मोठ्यांकडून शिकलेलं "यक्!" त्यांच्या तोंडावर फेकतो. मुलाला ते सुचलेलं नसतं, आपण शिकवलेलं असतं.

दुसरं असं, की या सणाचं घरगुतीपण आधीच गेलेलं आहे. पूर्वी घरी केलेले लाह्यांचे लाडू, बिस्किटं, सफरचंदं देत. मग अनोळखी माणसं गोळ्यांत विष घालतात अशी भीती पसरली. १९७४ साली टेक्सासमध्ये एक मुलगा हॅलोविनच्या विषारी गोळीने गेला हे खरं, पण ते विष त्याच्या सख्ख्या बापाने घातलं होतं. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या खाऊने मूल दगावल्याचं एकही सिद्ध उदाहरण त्यांना सापडलं नाही. तरी घरचे लाडू गेले ते गेलेच. भीतीने घरचा खाऊ घालवला, आता हेटाळणीने जुना खाऊ घालवायचा. मग उरणार काय? बारा महिने कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी तीच चार चॉकलेटं. मग तो सण कसला? ती नुसती खरेदी.

आपणही यात मागे नाही. संक्रांतीचा काटेरी हलवा कोण खातो हो आता? "नुसती साखर!" म्हणतात. पण एकेका तिळावर मंद आचेवर पाक चढवत हाताने काटा आणायचा, ही काय सोपी गोष्ट आहे? तो पोट भरायला नव्हताच. तो तान्ह्या बाळाच्या मुकुटाला होता, नव्या सुनेच्या हारांना होता. आणि आता बोरन्हाणात बोरं-हलव्याऐवजी बाळाच्या डोक्यावर चॉकलेटं ओतलेली मी पाहिली आहेत. प्रत्येक सणात एखादा पदार्थ असा हवाच, की जो सगळ्यांना आवडत नाही, पण ज्याच्याशिवाय तो दिवस ओळखू येत नाही.

आणि टिंगल करणाऱ्यांचं मन तरी कुठे घट्ट असतं? २०१८ साली नेको कंपनी बंद पडणार अशी बातमी आली, तेव्हा 'खडू' म्हणून हसणाऱ्या याच अमेरिकेत त्या चकत्यांवर झुंबड उडाली. लोकांनी पेट्याच्या पेट्या भरून ठेवल्या. कारखाना त्या जुलैत बंद झाला. पुढे ओहायोच्या स्पँगलर कंपनीने २०२० मध्ये त्या चकत्या परत आणल्या, म्हणून निभावलं. वस्तू जायला निघाल्यावर गळा काढायचा आणि असेपर्यंत लाथाडायची, ही कुठली रीत?

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. पुढच्या ३१ ऑक्टोबरला पिशवी ओतलीत की मुलाला त्या तिरंगी दाण्याची गोष्ट सांगा. चव बघायची तर बघू दे, नको तर बाजूला ठेवू दे. पण दारात उभं राहून "थँक्यू" मात्र नीट म्हणायला लावा, गोळी कुठलीही असो.

जावईबापू, यावर तुमचं काय म्हणणं आहे ते सविस्तर लिहा. बाकीच्यांनीही जरूर कळवा. भांडायला मी तयार आहे!