रिकामं पोट म्हणजे चहासुद्धा नाही

ड्युओडिनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, स्वादुपिंडाच्या डोक्याला कवटाळून बसलेला असतो. जठर पुढे, आतड्याची वेटोळी खाली, मूत्रपिंडे मागे. स्वादुपिंडातल्या कर्करोगाच्या गाठीला किरणांचा शेक द्यायचा तर शेजाऱ्याच्या भिंतीला धग लागणारच. स्टॅनफर्डमध्ये एकाच फ्रॅक्शनमध्ये २५ ग्रे देऊन पाहिले, तेव्हा गाठ आटोक्यात आली. पण काही महिन्यांनी ड्युओडिनमला व्रण पडले, क्वचित छिद्रही. मग डोस पाच फ्रॅक्शनमध्ये विभागला गेला, आणि ३३ ग्रे वा अधिक झेलणारा ड्युओडिनमचा भाग १ घनसेंटीमीटरच्या आत ठेवण्याची मर्यादा आली. गाठ भिंतीला चिकटलेली असेल, तर त्या बाजूला गाठीचा डोस कमी करावा. भिंतीची मर्यादा ओलांडू नये.

पण हा हिशेब प्लॅनिंगच्या सीटीच्या दिवसाचा. श्वासासरशी स्वादुपिंड एक-दोन सेंटीमीटर वरखाली होते. त्यासाठी फोरडी सीटी आहे, श्वास रोखणे आहे. भरलेल्या जठराला मात्र यांतले काहीच आवरत नाही. दररोज नवे प्लॅनिंग करणारी एमआर-लिनॅक यंत्रे मोजक्याच ठिकाणी आहेत. बाकीच्यांची भिस्त रुग्णाच्या रिकाम्या पोटावर.

अहिल्यानगरचेच घ्या: क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. जामखेडहून किंवा अकोले तालुक्यातून पहाटेची एसटी धरून आलेला रुग्ण सांगतो, "काही खाल्लं नाही हो, नुसता चहा-बटर घेतलं." तो निष्काळजी नाही. आपल्याकडे एकादशीलाही चहा चालतो! चूक आपल्या सूचनेची. 'रिकाम्या पोटी' एवढे सांगून भागत नाही. भाकरी, फळ, दूध, चहा यांपैकी किती तासांपूर्वीपासून काय बंद, हे मराठीत लिहून द्यावे. सीटीच्या दिवशी पोटाची जी स्थिती, तीच रोज हवी. यातले बरेच रुग्ण मधुमेही असतात. इन्शुलिन घेऊन दुपारपर्यंत उपाशी बसवले तर साखर उतरेल. लांबून येणाऱ्याची वेळ त्याच्या एसटीप्रमाणे ठरवावी.

शेक संपला तरी धोका संपत नाही. आम्लरोधक गोळी चालू ठेवावी आणि गावच्या डॉक्टरांना चिठ्ठी द्यावी: डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामके टाळा; शौच डांबरासारखे काळे झाले, तर लोहाच्या गोळीचा परिणाम समजून सोडू नका, लगेच पाठवा.

उद्या सकाळी टेबलावर घेण्यापूर्वी रुग्णाला "उपाशी आहात ना?" असे विचारू नका. "चहा कधी घेतला?" असे विचारा.