पाताळाचे दप्तर
हद्द, मालकी आणि आकार यांची नोंद ठेवण्यात आपली महसुली दप्तरे कितीही काटेकोर असली, तरी त्या हद्दीखाली काय दडले आहे हे सातबाऱ्यावरून कळत नाही; नेदरलँड्सच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने मात्र असंख्य विंधनछिद्रांच्या नोंदी एकत्र करून ‘जिओटॉप’ नावाचे त्रिमितीय प्रतिरूप सिद्ध केले असून, १०० मीटर लांब, तितकाच रुंद आणि अवघा अर्धा मीटर जाड असा एकेक ठोकळा कल्पून, समुद्रसपाटीखाली ५० मीटरांपर्यंतच्या भूमीची त्यात मांडणी केली आहे. तिथल्या गौडासारख्या नगरीत याचे महत्त्व चटकन ध्यानात येते: भूजलाची पातळी उतरली की पाणथळ वनस्पतींच्या अवशेषांची काळी, भुसभुशीत माती हवेच्या संपर्काने कुजते, जमीन खचते, जुन्या घरांच्या पायाचे लाकडी खांब सडू लागतात, आणि पातळी चढती ठेवावी, तर शेते ओली राहतात म्हणून आसपासच्या शेतकऱ्याची तक्रार उभी राहते. अशा वादात या प्रतिरूपाचे रंगीत चित्र मोठे उपयोगी, आणि (हे चित्र काढणाऱ्यांना फारसे रुचणार नाही) तितकेच फसवेही, कारण दोन छिद्रांमधला भाग कोणी पाहिलेला नसून गणिताने अनुमानिलेला असतो, आणि लोक मात्र त्याला छायाचित्र समजतात. म्हणूनच प्रत्येक ठोकळ्यात वाळू असण्याचा संभव किती, चिकणमातीचा किती, याचे आकडेही त्या प्रतिरूपात नमूद आहेत, ही त्याची खरी थोरवी होय. जनसुनावणीत चित्र मांडणाऱ्या अंमलदारांनी हे आकडेही सर्वांसमोर ठेवावेत, आणि नागरिकांनी ते हक्काने मागून घ्यावेत.