नोंदणीनंतरची दोन वर्षे

पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक हाती आला की आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं शिक्षण संपलं असं धरलं जातं. त्यानंतर दार लावून घेतलेल्या खोलीत तो किंवा ती काय करते, हे बहुधा कुणीच पाहत नाही. विषयात पीएच.डी. केली तरी ती संशोधनाची पदवी. अवघड केस अनुभवी नजरेखाली हाताळण्याची सोय तिच्यात नाही. पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप म्हणून जे मिळतं तेही बहुतेक संशोधनासाठीच असतं. मानसोपचारतज्ज्ञांना एम.डी.नंतर व्यसनमुक्ती, बालमानसोपचार अशा उपशाखांत फेलोशिप किंवा डी.एम. करता येतं. आपल्याला मात्र नोंदणीनंतरचं शिकणं शनिवार-रविवारच्या कार्यशाळांवर भागवावं लागतं.

हा प्रश्न आत्ताच मांडण्याचं कारण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केलं आणि आपल्या शाखेला जी मुदतवाढ मिळाली तीही २०२५-२६ च्या सत्रापर्यंतचीच. दोन वर्षं वॉर्डात उभं राहून शिकण्याची ती रीत कितीही दमवणारी असली तरी आपला कणा होती. तिच्या जागी येणारे अभ्यासक्रम चांगले असतीलही. पण पर्यवेक्षणाचे तास कागदावर भरले जाऊ लागले तर त्याची किंमत रुग्ण मोजतील.

म्हणूनच नोंदणीनंतर अनुभवी नजरेखाली प्रत्यक्ष काम शिकवणारी फेलोशिप हवी. तिचा विचार आपण निम्हान्स किंवा रांचीतल्या मोठ्या संस्थांकडे बघून करतो. आमचं म्हणणं, भूगावसारख्या गावाकडे बघून करावा. बावधन मागे टाकून पौड रस्त्याने गेलं की लागणारं हे मुळशीतलं गाव २०१७ साली महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्यांमुळे राज्यभर गाजलं. आज तिथे जुनं गावठाण, नवी गृहसंकुलं आणि बांधकामावरच्या परप्रांतीय मजुरांच्या वस्त्या शेजारी शेजारी आहेत. लवळ्याची विद्यापीठं जवळ आहेत. अशा ठिकाणी बसणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे एकाच दिवशी वाचनात अडखळणारं मूल, विसराळू झालेले आजोबा आणि झोप उडालेली विद्यार्थिनी येऊ शकते. प्रत्येकासाठी वेगळं कौशल्य लागतं आणि शेजारच्या टेबलावर विचारायला कुणी नसतं.

त्या मुलाचंच बघा. बुद्धिगुणांक काढायला आपण अजूनही बिने-कामत चाचणी उघडतो. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी हे रूपांतर १९३०च्या दशकात केलं, आणि ते मोठं काम होतं. वेक्स्लरच्या चाचणीचं मॅलिन यांनी नागपूरच्या बालमार्गदर्शन केंद्रातून केलेलं भारतीय रूपांतर १९६९ चं. दोन्ही चाचण्या आपल्या मातीत घडल्या, म्हणून त्यांच्याविषयी ममत्व आहे. पण पिढ्यांगणिक मुलांची सरासरी कामगिरी वाढत जाते आणि जुन्या मानकांवर मोजलेला गुणांक फुगतो. त्यामुळे ज्याला बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र आणि त्यासोबतच्या सवलती मिळायला हव्यात, असं मूल दोन-चार गुणांनी बाहेर राहू शकतं. अशा वेळी आकड्यावर किती विसंबायचं, अनुकूलन वर्तन कसं तपासायचं, शाळेत जाऊन काय पाहायचं आणि अहवालात कोणतं वाक्य लिहायचं, हे चाचणीच्या पुस्तिकेत सापडत नाही. शंभर अहवाल कुणीतरी लाल पेनाने दुरुस्त करून दिले की मगच ते अंगी येतं. फेलोशिपकडून आम्हाला हवं आहे ते हेच.

अमेरिकेत न्यूरोसायकॉलॉजीसाठी १९९७ च्या ह्यूस्टन परिषदेने डॉक्टरेटनंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ प्रशिक्षण ठरवलं. त्याच देशात २००६ मध्ये तिथल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने परवान्यासाठी डॉक्टरेटनंतरच्या वर्षाची सरसकट अट नको, अशी भूमिका घेतली, हेही लक्षात ठेवू. सक्ती झाली की शिकाऊ माणूस स्वस्तात राबवला जातो. म्हणून आपल्याकडची फेलोशिप ऐच्छिक असावी, विशिष्ट उपशाखेची असावी आणि तिला जगता येईल इतकं विद्यावेतन असावं. विनावेतन फेलोशिपला आमचा स्पष्ट विरोध आहे. ती फक्त सुखवस्तू घरच्या मुलांना परवडेल. आणि तिचा काही काळ मोठ्या रुग्णालयाबाहेर, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि मराठी शाळेत जायलाच हवा.

पुण्यातली मनोरुग्णालयं, वैद्यकीय महाविद्यालयं आणि विद्यापीठांचे मानसशास्त्र विभाग एकत्र आले तर पहिली तुकडी उभी करणं अशक्य नाही. पण आपल्याला तोवर थांबायची गरज नाही. दहा वर्षांहून अधिक अनुभव असलेल्या वाचकांना आमची विनंती आहे: आठवड्यातून एक तास, ठरलेल्या वेळी, एका तरुण सहकाऱ्याच्या केससाठी राखून ठेवा. आणि तरुण सहकाऱ्यांनो, तुम्ही तो तास हक्काने मागा.