मिरीच्या पैशातला मठ

पर्यटन विशेषांक म्हटला की एका दिवसात काय काय पाहावं याची यादी वाचक हमखास मागतात. लिस्बनपुरतं आमचं उत्तर सोपं आहे: यादी खिशात ठेवा, १५ नंबरची ट्राम पकडा आणि बेलेंला उतरा.

तिथला जेरोनिमोस मठ सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधायला घेतला. खर्च निघाला तो आफ्रिका आणि पूर्वेकडच्या व्यापारावरच्या पाच टक्के करातून, म्हणजे बराचसा मलबारच्या मिरीतून. दगडात जहाजाचे दोर कोरलेत, पीळ असा की हात फिरवल्याशिवाय राहवत नाही. आत शिरताच वास्को द गामाची कबर. हा गृहस्थ वारला १५२४ साली कोचीत. अस्थी मागाहून मायदेशी गेल्या. गोव्याच्या वाचकाने तिथे मान तुकवावी की दात-ओठ खावेत, हे ज्याचं त्याने ठरवावं.

जवळच १८३७ पासून चालत आलेलं दुकान आहे. अंड्याच्या बलकाचा, वरून किंचित करपलेला टार्ट गरम असतानाच खावा, दालचिनी भुरभुरवून. रांग लांब असते, पण हलते भराभर.

१७५५ च्या भूकंपात जुन्या लिस्बनचा मोठा भाग कोसळला. हा मठ मात्र तगला. त्या भूकंपावरचा लेख आतल्या पानांत आहे, तेवढा चुकवू नका.