रात्री करायचे काय?

सिंगापूरची सहल करून आलेल्या आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांसमवेत आम्ही गेल्या पावसाळ्यात चिखलदऱ्यास गेलो होतो. पहिल्याच संध्याकाळी, दरीतून धुके वर चढत असताना, कोणीतरी प्रश्न टाकला, "इथे रात्री करायचे काय?" उत्तर कोणालाच सुचेना. मग बसमधला ध्वनिवर्धक खाली उतरविण्यात आला आणि मध्यरात्र उलटेपर्यंत चित्रपटगीते गर्जत राहिली. त्या गोंगाटात आम्हीही नाचलो, हे आधीच कबूल केलेले बरे.

परदेशी शहराचा आस्वाद घेणे आम्ही पाप मानीत नाही. मुस्तफा सेंटरचे मजल्यामागून मजले पालथे घालून नातवंडांसाठी घड्याळे घ्यावीत, बून टॅट रस्त्यावर निखाऱ्यांवर भाजलेली साते चवीने खावी. घामाच्या पैशाने केलेली मौज आहे ती. आमची तक्रार निराळी आहे. त्या शहराकडून आपण शिकून काय आलो?

सिंगापूरच्या फेरीवाल्यांच्या खाद्यसंस्कृतीची २०२० साली युनेस्कोच्या यादीत नोंद झाली. तिचे गोडवे गाणारी हीच मंडळी चिखलदऱ्यात मंचुरियन मागत होती! येथील दाट रबडी, गवळ्यांचा खवा कोणाच्या खिजगणतीत नव्हता. महाराष्ट्रात कॉफी पिकते आणि ती याच डोंगरावर, हेही कित्येकांना ठाऊक नव्हते. सिंगापुरात कागदाचा कपटा टाकताना दंडाच्या धाकाने थबकलेले हात येथे दरीत खुशाल बाटल्या भिरकावीत होते.

सिंगापुरातील रात्रीचे प्राणिसंग्रहालय १९९४ साली सुरू झाले. चांदण्यासारख्या मंद उजेडात तेथे निशाचर प्राणी पाहायचे. कॅमेऱ्याचा फ्लॅश वर्ज्य. आमच्या मंडळींनी तेथे मुलांना दटावून गप्प बसविले होते, असे त्यांनीच कौतुकाने सांगितले. आणि मेळघाट? १९७३-७४ साली देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत निवडलेले हे अस्सल अरण्य. त्याची रात्र आपल्या घरची, एवढाच तिचा अपराध.

कोणी म्हणेल, पर्यटकांमुळेच कोरकूंच्या हाताला काम मिळते. मिळते, खरे आहे. पण रबडी, कॉफी, मध विकत घेऊनही ते मिळेल. त्यासाठी त्यांची झोप मोडावी लागत नाही. सकाळी आमच्या बाटल्या नि उष्ट्या पत्रावळी गोळा करावयास आलेल्या कोरकू बाईस आम्ही ओशाळून विचारले, "रात्री झोप झाली का?" तिने मान वर न करता आम्हालाच विचारले, "तुमची झाली का?"

मरियमपूरच्या चर्चमध्ये त्या रविवारी मिस्सेला अर्धी मंडळी पेंगत होती, तेव्हा उत्तर उघडच होते.

पुढील सहलीच्या वर्गणीत ध्वनिवर्धकाचे भाडे धरले असेल, तर आयोजकांनी आमचे नाव खोडावे. त्या पैशात सर्वांना रबडी मिळणार असेल, तर पुन्हा लिहावे.